पॉल स्कीन्स

पॉल डेव्हिड स्कीन्स (जन्म: २९ मे २००२, फुलर्टन, कॅलिफोर्निया) हा अमेरिकेचा व्यावसायिक बेसबॉलपटू असून मेजर लीग बेसबॉलमधील पिट्सबर्ग पायरट्स या संघाकडून पिचर म्हणून खेळतो. तो उजव्या हाताने चेंडू टाकतो. २०२३ च्या खेळाडू-निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्याची सर्वप्रथम निवड झाली. मे २०२४ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळवला. २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने देण्यात आला. त्या वेळी त्याचे वय २३ वर्षे होते.

पहिल्या दोन हंगामांत स्कीन्सने ५५ सामन्यांची सुरुवात केली, ३२०.२ डाव टाकले, ३८६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि १.९६ ईआरए राखला. ईआरए म्हणजे पिचरने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा तीत धरल्या जात नाहीत. आधुनिक मेजर लीगमध्ये हा आकडा ४ च्या आसपास असणे सर्वसाधारण मानले जाते आणि पूर्ण हंगामभर २ च्या खाली राहणे अत्यंत दुर्मीळ आहे. डावांच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर येणारा अंक तृतीयांश डाव दाखवतो. एका डावात तीन फलंदाज बाद होत असल्याने ३२०.२ म्हणजे ३२० पूर्ण डाव आणि त्यापुढचे दोन बळी.

बालपण आणि हवाई दल अकादमी

स्कीन्सचे बालपण दक्षिण कॅलिफोर्नियातील लेक फॉरेस्ट या गावी गेले आणि शालेय शिक्षण तेथील एल टोरो हायस्कूलमध्ये झाले. मेजर लीगमध्ये पुढे नावारूपाला येणारे पिचर बहुधा शाळेतच हेरले जातात. स्कीन्सच्या बाबतीत तसे घडले नाही. शाळेत तो प्रामुख्याने कॅचर होता आणि फलंदाज म्हणूनही त्याला चांगले मानले जात असे. व्यावसायिक संघांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि त्यालाही लष्करी सेवेची ओढ होती. लढाऊ वैमानिक होण्याच्या इच्छेने त्याने कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत प्रवेश घेतला.

अकादमीच्या संघात तो एकाच वेळी कॅचर, फलंदाज आणि पिचर अशा तिन्ही भूमिका बजावत होता. २०२१ च्या पहिल्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .४१० होती, त्याने ११ होम रन मारले आणि अखेरच्या डावांत येऊन सामना राखणारा पिचर म्हणून ११ सामने वाचवले. पुढच्या वर्षी त्याच्याकडे सामन्याची सुरुवात करण्याची जबाबदारी आली. २०२२ मध्ये १० विजय, ३ पराभव आणि २.७३ ईआरए अशी कामगिरी करतानाच त्याने १३ होम रनही मारले. महाविद्यालयीन बेसबॉलमधील सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूला मिळणारा जॉन ओलेरूड पुरस्कार त्या वर्षी त्याला मिळाला.

या अकादमीत शिक्षण आणि निवास विनामूल्य असतो, परंतु तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की छात्र पदवीनंतरच्या सक्तीच्या लष्करी सेवेला बांधला जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कीन्स नेमक्या त्या उंबरठ्यावर उभा होता. तिथे राहिला असता तर व्यावसायिक बेसबॉलची वाट काही वर्षांसाठी बंद झाली असती. त्याने अकादमी सोडली. सैन्याशी असलेले नाते मात्र त्याने जपले असून २०२४ च्या हंगामात प्रत्येक स्ट्राइकआउटमागे १०० डॉलर माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या गॅरी सिनीझ प्रतिष्ठानाला देण्याचे त्याने जाहीर केले होते.

लुईझियाना राज्य विद्यापीठ, २०२३

अकादमी सोडल्यावर स्कीन्स लुईझियाना राज्य विद्यापीठात (एलएसयू) दाखल झाला. जे जॉन्सन हे तेथील मुख्य प्रशिक्षक होते. पिचरांचे प्रशिक्षक वेस जॉन्सन हे तर २०२२ च्या हंगामाच्या मध्यावर मेजर लीगमधील मिनेसोटा ट्विन्स संघाचे काम सोडून महाविद्यालयीन खेळात आले होते. एलएसयूमध्ये स्कीन्सने फलंदाजी आणि कॅचरचे काम बाजूला ठेवून केवळ चेंडू टाकण्यावर लक्ष केंद्रित केले. त्याच्या कारकिर्दीतील खरे वळण हेच म्हणावे लागेल. अकादमीत दैनंदिन लष्करी शिस्त, अभ्यास आणि तीन भूमिका यांत विभागलेली त्याची शक्ती येथे प्रथमच एका कामाला लागली आणि त्याच्या चेंडूचा वेग ताशी १०० मैलांच्या (सुमारे १६१ किमी) पुढे जाऊ लागला.

त्या हंगामात त्याने १२२.२ डावांत २०९ स्ट्राइकआउट केले आणि १.६९ ईआरए राखला. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठ-गटात एका हंगामातील सर्वाधिक स्ट्राइकआउटचा विक्रम १९८९ पासून एलएसयूच्याच बेन मॅकडोनाल्डच्या नावावर होता (२०२). तो स्कीन्सने मोडला.

नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे दरवर्षी महाविद्यालयीन विश्वमालिका भरते. २०२३ च्या मालिकेत टेनेसीविरुद्ध त्याने १२ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, परंतु त्याची ओळख देशभर झाली ती २२ जूनच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यामुळे. हरणारा संघ स्पर्धेबाहेर जाणार होता. वेक फॉरेस्टकडून रेट लाउडर हा पिचर होता आणि तोही पुढच्या महिन्यातील ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर जाणार हे निश्चित मानले जात होते. स्कीन्सने १२० चेंडूंत आठ डाव टाकले, केवळ दोन हिट दिले आणि ९ स्ट्राइकआउट केले. लाउडरनेही एकही धाव दिली नाही. दोघेही मैदानाबाहेर गेल्यानंतर अकराव्या डावात टॉमी व्हाइटच्या होम रनवर एलएसयूने सामना २-० असा जिंकला. महाविद्यालयीन बेसबॉलमधील पिचरांच्या द्वंद्वांचा विषय निघाला की या सामन्याचा उल्लेख हमखास होतो.

अंतिम फेरीत एलएसयूने फ्लोरिडाला २-१ असे हरवून सातवे विजेतेपद मिळवले. त्या तीनपैकी एकाही सामन्यात स्कीन्सने चेंडू टाकला नाही, तरीही स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. त्या वर्षीचा डिक हाउसर करंडकही त्याने पटकावला.

ड्राफ्ट आणि दुय्यम लीग

९ जुलै २०२३ रोजी सिअॅटल येथे झालेल्या ड्राफ्टमध्ये पायरट्सने स्कीन्सची पहिल्या क्रमांकावर निवड केली. दुसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टन नॅशनल्सने एलएसयूचाच फलंदाज डिलन क्रूज याला घेतले. एकाच महाविद्यालयाचे दोन खेळाडू पहिल्या दोन स्थानांवर निवडले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. स्कीन्सला करारापोटी मिळालेली ९२ लाख डॉलरची रक्कम तोपर्यंतच्या ड्राफ्टच्या इतिहासातील सर्वाधिक होती.

पिट्सबर्ग पायरट्स हे नाव भारतीय वाचकाला कदाचित वेगळ्या कारणाने आठवेल. २००८ मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून पुढे आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना करारबद्ध करणारा संघ हाच. त्या दोघांची मजल दुय्यम लीगच्या पुढे गेली नाही.

महाविद्यालयीन हंगामात बरेच डाव टाकून झालेले असल्याने २०२३ मध्ये पायरट्सने स्कीन्सकडून दुय्यम लीगमध्ये केवळ ६.२ डाव टाकून घेतले. २०२४ चा हंगाम त्याने इंडियानापोलिस येथे, मेजर लीगच्या लगतच्या पायरीवर सुरू केला. तेथे सात सामन्यांतील २७.१ डावांत त्याने ४५ स्ट्राइकआउट केले. ईआरए होता ०.९९. सरासरी काढली तर प्रत्येक सामन्यात चारही डाव होत नाहीत. त्याच्या दंडावर येणारा भार हळूहळू वाढवण्याचे धोरण आहे, असे संघव्यवस्थापनाचे म्हणणे होते. प्रेक्षकांतील अनेकांना त्यात आर्थिक हिशेब दिसत होता, कारण हंगाम सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी बोलावलेल्या खेळाडूचे ते वर्ष सेवाकालात पूर्ण धरले जात नाही आणि संघाचा त्याच्यावरील हक्क एक वर्ष लांबतो. पुढे हा हिशेब उलटला. त्याविषयी खाली आले आहे.

पहिला हंगाम: २०२४

११ मे २०२४ रोजी पिट्सबर्गच्या पीएनसी पार्क मैदानावर शिकागो कब्जविरुद्ध स्कीन्सने पदार्पण केले. चार डाव पूर्ण करून पाचव्या डावात दोन फलंदाज तळांवर असताना त्याला बाहेर काढण्यात आले. तोपर्यंत त्याने ८४ चेंडू टाकले होते, त्यांपैकी १७ ताशी १०० मैल किंवा त्याहून वेगवान होते, आणि ७ स्ट्राइकआउट केले होते. त्याच्यानंतर आलेल्या राखीव पिचरांनी त्या डावात तळ भरलेले असताना एकामागून एक वॉक दिले. (चार चेंडू पट्ट्याबाहेर पडल्यास फलंदाजाला पहिला तळ आयता मिळतो, त्याला वॉक म्हणतात, तळ भरलेले असल्यास त्यातून थेट धाव होते.) हातातला सामना बरोबरीत आला, मध्ये पावसामुळे दोन तासांहून अधिक खोळंबा झाला आणि अखेर पायरट्सने तो १०-९ असा जिंकला. स्कीन्सच्या खात्यावर विजय लागला नाही. संघाच्या इतर घटकांनी त्याची मेहनत वाया घालवण्याचा हा प्रकार पुढे वारंवार पाहायला मिळाला.

सहा दिवसांनी शिकागोच्या रिग्ली फील्डवर याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याने पहिल्या सातही फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. सहा डावांत एकही हिट न देता ११ स्ट्राइकआउट करून त्याने मेजर लीगमधील पहिला विजय नोंदवला. ११ जुलै रोजी मिलवॉकी ब्रूअर्सविरुद्ध तो याहून पुढे गेला. सात डाव, एकही हिट नाही, ११ स्ट्राइकआउट. परंतु ९९ चेंडू झाल्यावर त्याला थांबवण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या पिचरने आठव्या डावात हिट दिला; सामना पायरट्सने १-० असा जिंकला. पूर्ण नऊ डावांत एकही हिट न देणे हा पिचरसाठी आयुष्यभराचा मान असतो, त्यामुळे या निर्णयावर बरीच चर्चा झाली.

१६ जुलै रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे झालेल्या ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगकडून पहिला चेंडू टाकण्याचा मान स्कीन्सला मिळाला. मेजर लीगमध्ये येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते आणि त्याने ११ सामने खेळले होते. यापूर्वी हा मान मिळालेले नवोदित पिचर चारच होते: डेव्ह स्टेनहाउस (१९६२), मार्क फिड्रिच (१९७६), फर्नांडो वालेन्झुएला (१९८१) आणि हिदेओ नोमो (१९९५). स्कीन्सने एक डाव टाकला, हुआन सोतोला वॉक दिला आणि पुढच्या ॲरन जजला बाद करून धाव न देता डाव संपवला.

हंगामाअखेर २३ सामने, १३३ डाव, १७० स्ट्राइकआउट, ११ विजय, ३ पराभव आणि १.९६ ईआरए अशी त्याची नोंद होती. नवोदित पुरस्काराच्या मतदानात ३० पैकी २३ जणांनी त्याला पहिली पसंती दिली. उरलेल्या सात जणांनी सॅन डिएगोच्या जॅक्सन मेरिलला दिली. साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो ख्रिस सेल आणि झॅक व्हीलर यांच्यामागे तिसरा आला. पायरट्सच्या खेळाडूला नवोदित पुरस्कार मिळण्याची ही जेसन बे (२००४) याच्यानंतरची दुसरीच वेळ होती.

पदार्पणाच्या सामन्यात त्याच्या गणवेशावर असलेला कापडी तुकडा टॉप्स कंपनीने एका संग्राह्य पत्त्यात बसवून पाकिटांतून विक्रीस आणला होता. हा एकमेव पत्ता ज्याला सापडेल त्याला ३० वर्षांची हंगामी तिकिटे देऊ, असे पायरट्सने जाहीर केले. तो लॉस एंजेलिसच्या एका ११ वर्षांच्या मुलाला सापडला. कुटुंबाने तिकिटे नाकारली आणि मार्च २०२५ मधील लिलावात पत्त्याला ११ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

दुसरा हंगाम: २०२५

२०२५ च्या सलामीच्या सामन्यात मायामी येथे पायरट्सने चेंडू स्कीन्सच्या हाती दिला. दुसऱ्या वर्षी फलंदाज नव्या पिचरला ओळखू लागतात आणि त्याची धार कमी होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. स्कीन्सच्या बाबतीत आकडे जवळपास जागचे हलले नाहीत. त्याने ३२ सामन्यांत १८७.२ डाव टाकून २१६ स्ट्राइकआउट केले, केवळ ४२ वॉक दिले आणि १.९७ ईआरए राखला. दोन्ही लीग मिळून हा त्या वर्षीचा सर्वांत कमी ईआरए होता.

तरीही त्याच्या खात्यावर १० विजय आणि १० पराभव लागले. बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय पिचरच्या नावावर नोंदवण्याची जुनी पद्धत आहे, पण त्याचा संघ किती धावा करतो यावर त्याचे नियंत्रण नसते. पायरट्सने २०२५ मध्ये मेजर लीगच्या ३० संघांत सर्वांत कमी धावा केल्या. १८ मे रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध स्कीन्सने कारकिर्दीत प्रथमच संपूर्ण सामना एकट्याने टाकला: आठ डाव, तीन हिट, ९ स्ट्राइकआउट, एक धाव. पायरट्स ०-१ ने हरले. त्याच महिन्यात संघाने व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांना पदावरून दूर करून डॉन केली यांना नेमले. हंगामाअखेर पायरट्सची नोंद ७१ विजय आणि ९१ पराभव अशी होती.

१५ जुलै रोजी अटलांटा येथील ऑल-स्टार सामन्याची सुरुवातही स्कीन्सनेच केली. पहिल्या दोन्ही हंगामांत हा मान मिळवणारा तो पहिला पिचर ठरला. नोव्हेंबरमध्ये साय यंग पुरस्काराच्या मतदानात त्याला सर्व ३० जणांची पहिली पसंती मिळाली. क्रिस्टोफर सांचेझ दुसरा आणि योशिनोबू यामामोतो तिसरा आला. पायरट्ससाठी हा पुरस्कार यापूर्वी व्हर्न लॉ (१९६०) आणि डग ड्रेबेक (१९९०) यांनीच मिळवला होता. पूर्वी अशा विजय-पराजयाच्या पिचरचा या पुरस्कारासाठी विचारही झाला नसता. फेलिक्स हर्नांडेझ (२०१०, १३-१२) आणि जेकब डिग्रॉम (२०१८, १०-९) यांच्या निवडींनी ती समजूत बदलत गेली होती. स्कीन्सच्या १०-१० मध्ये तर विजय पराभवांपेक्षा जास्तही नव्हते.

शैली

स्कीन्सची उंची सुमारे १९८ सेंटिमीटर आहे. त्याचा मुख्य वेगवान चेंडू सरासरी ताशी ९८ मैलांच्या (सुमारे १५८ किमी) आसपास असतो. क्रिकेटमध्ये शोएब अख्तरने २००३ मध्ये नोंदवलेला १६१.३ किमी हा वेग विक्रमी मानला जातो, परंतु ही तुलना जपून करावी लागते. पिचर धावत येत नाही, पण त्याला कोपर वाकवून फेकण्याची मुभा असते. चेंडू टप्पा न पडता फलंदाजापर्यंत जातो आणि पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेटचे अंतर १८.४४ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा कमी असते. फलंदाजाला मिळणारा वेळ सुमारे ०.४ सेकंद.

केवळ वेगावर टिकून राहणारे पिचर मेजर लीगमध्ये थोडे असतात. स्कीन्सला वेगळे ठरवतो तो ‘स्प्लिंकर’. बोटे फाकवून टाकला जाणारा स्प्लिटर आणि खाली बसणारा सिंकर यांच्या मधला हा चेंडू आहे. स्प्लिटर सहसा संथ असतो. स्कीन्सचा स्प्लिंकर ताशी सुमारे ९४ मैल वेगाने येतो आणि फलंदाजाच्या गुडघ्याजवळ अचानक खाली जातो. एलएसयूमध्ये हा चेंडू त्याच्याकडे नव्हता; व्यावसायिक झाल्यावर तो त्याने विकसित केला. मिनेसोटाचा ह्वान दुरान हा पिचर त्याआधीपासून असा चेंडू टाकत होता, परंतु तो अखेरच्या डावात थोडेसे चेंडू टाकणारा. सामन्याच्या सुरुवातीपासून सहा-सात डाव तो वापरणे ही बाब निराळी. याशिवाय बाजूला झुकणारा स्वीपर, कर्व्हबॉल आणि चेंजअप हे चेंडूही तो टाकतो. इतक्या वेगाबरोबर इतकी अचूकता क्वचित आढळते. १८७.२ डावांत ४२ वॉक म्हणजे नऊ डावांमागे दोनच.

दंडावरील भार आणि पूर्वीची उदाहरणे

स्कीन्सच्या भवितव्याविषयी लिहिताना त्याच्या गुणवत्तेविषयी वाद घातला जात नाही. प्रश्न विचारला जातो तो त्याचा हात किती वर्षे टिकेल हा. इतक्या वेगाने चेंडू टाकताना कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर येणारा ताण त्याच्या सहनशक्तीच्या सीमेजवळ पोहोचतो. तो फाटल्यास ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया करावी लागते आणि वर्ष ते दीड वर्ष खेळ थांबतो. पिचरांच्या दुखापतींवर मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाढता वेग आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची प्रवृत्ती ही प्रमुख कारणे सांगितली होती. स्कीन्सबरोबरच २०२४ मध्ये पदार्पण केलेला पायरट्सचा दुसरा वेगवान पिचर जॅरेड जोन्स याच्या कोपरावर मे २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली.

सर्वांत जवळचे उदाहरण स्टीफन स्ट्रासबर्गचे आहे. तोही महाविद्यालयातून येऊन ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला (२००९). ८ जून २०१० रोजी पदार्पणात त्याने १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, आणि योगायोगाने समोर पायरट्सच होते. तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असतानाही नॅशनल्सने त्याला १५९.१ डावांनंतर थांबवले. या निर्णयावर आजही एकमत नाही. २०१९ मध्ये तो विश्वमालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि त्यानंतर दुखापतींमुळे तो फारसा खेळूच शकला नाही. २०२४ मध्ये निवृत्त झाला. शिकागो कब्जच्या मार्क प्रायरने २००३ मध्ये १८ सामने जिंकले आणि २११.१ डाव टाकले. २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. ऑल-स्टारच्या वर दिलेल्या यादीतील मार्क फिड्रिचची कारकीर्दही गुडघा आणि खांदा यांच्या दुखापतींनी पाच हंगामांत आटोपली.

ड्वाइट गुडेन याच्याशी होणारी तुलना आकड्यांच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. त्याने १९८४ मध्ये नवोदित पुरस्कार आणि १९८५ मध्ये साय यंग मिळवला, म्हणजे क्रम स्कीन्सचाच. परंतु १९८५ मध्ये विशीतल्या गुडेनकडून न्यूयॉर्क मेट्सने २७६.२ डाव टाकून घेतले. ईआरए होता १.५३. पुढे तो त्या उंचीवर कधीच पोहोचला नाही; खांद्याची दुखापत आणि अमली पदार्थांचे व्यसन ही दोन्ही कारणे त्यामागे होती, त्यामुळे केवळ डावांच्या संख्येला दोष देता येत नाही. गुडेनपेक्षा वयाने मोठा असूनही स्कीन्सने आपल्या दुसऱ्या हंगामात त्याच्याहून ८९ डाव कमी टाकले. मिलवॉकीतील ९९ चेंडूंनंतरचा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. मात्र कमी डाव म्हणजे हमखास सुरक्षितता असे सिद्ध झालेले नाही. डाव कमी झाले त्या काळातच वेग वाढला आणि शस्त्रक्रियाही वाढल्या.

स्कीन्सच्या बाजूने काही गोष्टी निश्चित आहेत. शाळेत आणि अकादमीत तो कॅचर असल्याने पिचर म्हणून त्याच्या दंडावर लहान वयात इतरांइतका भार पडलेला नाही. त्याची देहयष्टी भक्कम आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत कोपर वा खांद्याच्या दुखापतीमुळे त्याला शस्त्रक्रिया करावी लागली नाही.

करार आणि संघातील भवितव्य

पदार्पण मे महिन्यात झाल्यामुळे २०२४ चे वर्ष स्कीन्सच्या सेवाकालात अपुरे धरले गेले असते. तथापि, २०२२ च्या खेळाडू-मालक करारातील तरतुदीनुसार नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोन क्रमांकांत येणाऱ्या खेळाडूला पूर्ण वर्षाचा सेवाकाल मिळतो. स्कीन्सने पुरस्कार जिंकल्याने त्याला तो मिळाला आणि उशिरा बोलावण्यातून संघाला होऊ शकणारा लाभ संपला. परिणामी २०२९ च्या हंगामानंतर तो कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा होईल. त्याआधी २०२७ पासून लवादामार्फत त्याचे वेतन ठरेल. २०२५ मध्ये त्याचे वेतन १० लाख डॉलरच्याही आत होते. साय यंगसारख्या सन्मानांसाठी कनिष्ठ खेळाडूंना वाटल्या जाणाऱ्या निधीतून त्याला सुमारे ३४ लाख डॉलर मिळाले, म्हणजे वेतनाच्या तिपटीहून अधिक.

पायरट्स हा मेजर लीगमधील कमी खर्च करणारा संघ म्हणून ओळखला जातो. त्यांनी विश्वमालिका शेवटची १९७९ मध्ये जिंकली. २०१५ नंतर २०२५ पर्यंत ते एकदाही बादफेरीत पोहोचले नाहीत. २०२५ पर्यंत संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा (२०२३) होता आणि तो १०.६७५ कोटी डॉलरचा होता. याउलट यामामोतोला लॉस एंजेलिस डॉजर्सने मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकण्याआधी ३२.५ कोटी डॉलर दिले होते. स्कीन्सची बाजारातील किंमत यापुढेच मोजली जाईल, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही.

पिट्सबर्गच्या प्रेक्षकांसमोर गेरिट कोलचे उदाहरण ताजे आहे. २०११ च्या ड्राफ्टमध्ये पायरट्सने त्यालाही पहिल्या क्रमांकावर निवडले होते. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ह्यूस्टन ॲस्ट्रॉसकडे देण्यात आले. तेथे तो अग्रगण्य पिचर झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजशी त्याने ३२.४ कोटी डॉलरचा करार केला. २०२५ मध्ये पायरट्स हरत असताना स्कीन्सलाही दुसऱ्या संघाकडे देण्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा सरव्यवस्थापक बेन चेरिंग्टन यांनी असा कोणताही विचार नसल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये बब्बा चँडलर या आणखी एका वेगवान पिचरने पायरट्सकडून पदार्पण केले. फलंदाजीत संघाची भिस्त २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेल्या कॉनर ग्रिफिनवर आहे. स्कीन्स मोकळा होण्यापूर्वी हे खेळाडू परिपक्व होतात की नाही, यावर पायरट्सची पुढची वाटचाल बरीचशी अवलंबून आहे.

राष्ट्रीय संघ

मे २०२५ मध्ये स्कीन्सने २०२६ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळण्याचे जाहीर केले. पूर्वीच्या स्पर्धांमध्ये हंगामापूर्वीच्या दुखापतीच्या भीतीने अमेरिकेचे आघाडीचे अनेक पिचर या स्पर्धेपासून दूर राहत असत, त्यामुळे त्याच्या निर्णयाची विशेष दखल घेण्यात आली. हवाई दल अकादमीचा गणवेश उतरवल्यानंतर देशाचे नाव असलेला गणवेश घालण्याची ही संधी आहे, असे वृत्तांकनात वारंवार नमूद केले गेले.